साल्मोनेला: नाव, गाव आणि वाट



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या डॉक्टरांनी आयुष्यभर तापाचे रुग्ण पाहिले. म्हणून विषय निवडताना मला फार विचार करावा लागला नाही. चार-पाच दिवस ताप उतरला नाही की आपल्याकडे घरातलं कुणीतरी म्हणतंच, "एकदा विडाल करून घ्या." संध्याकाळी लॅबमधून टायफॉईडच्या या रक्तचाचणीचा कागद येतो. त्यावर चार ओळी असतात: टीओ, टीएच, एएच, बीएच. प्रत्येकीपुढे १:८० किंवा १:१६० असा आकडा आणि खाली 'पॉझिटिव्ह' किंवा 'निगेटिव्ह'. त्या कागदावर औषध सुरू होतं, शाळा बुडते, पथ्य लागतं. पण ही अक्षरं कशाची, हे रुग्णाला कुणी सांगत नाही आणि रुग्णही विचारत नाही.

साल्मोनेला या जिवाणूंच्या वर्गीकरणाचं सव्वाशे वर्षांचं काम त्या चार ओळींमागे आहे. जिवाणूला नाव देण्याचं हे शास्त्र, आणि तोच जिवाणू माणसाच्या शरीरात काय करतो याचं शास्त्र, या दोन गोष्टी आज मला शेजारी-शेजारी ठेवायच्या आहेत. त्या एकत्र पाहिल्या की टायफॉईड हा नशिबाचा भाग म्हणून सोसण्याचा आजार नाही, याची माझी तरी खात्री पटते.

साल्मोनेला हे नाव पडलं डॅनियल एल्मर साल्मन या अमेरिकन पशुवैद्यकावरून. प्रत्यक्षात जिवाणू शोधला तो त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या थिओबाल्ड स्मिथ यांनी, १८८५ मध्ये, आजारी डुकरांमधून. 'हॉग कॉलरा' या डुकरांच्या साथीचं कारण सापडलं असं तेव्हा वाटलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिद्ध झालं की तो आजार विषाणूचा आहे. पण त्याआधीच, १९०० मध्ये, लिन्येर या फ्रेंच शास्त्रज्ञानं या जिवाणूंच्या वंशाला साल्मन यांचं नाव दिलं होतं आणि ते टिकलं. स्मिथ यांच्यासारख्या माणसाचं नाव मागे राहिलं, याची मला आजही खंत वाटते.

माणसातल्या आजाराचा शोध आधीच सुरू झाला होता. १८८० मध्ये एबर्थ यांनी टायफॉईडनं दगावलेल्यांच्या प्लीहेत आणि आतड्यांजवळच्या ग्रंथींत जिवाणू पाहिला. १८८४ मध्ये गाफ्की यांनी तो प्रयोगशाळेत वाढवला. १८८८ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकनहाउझेन इथं एका आजारी गायीचं मांस खाऊन अनेकांना जुलाब-उलट्या झाल्या. गेर्टनर यांना त्या मांसात आणि दगावलेल्या माणसाच्या अवयवांत एकच जिवाणू सापडला. त्यालाच आज आपण एन्टेरिटिडिस म्हणतो. म्हणजे एका बाजूला तीन-तीन आठवडे चालणारा मुदतीचा ताप आणि दुसऱ्या बाजूला दोन-चार दिवसांचे जुलाब. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र दोघांचे जिवाणू सारखेच दिसत: आखूड काड्या, अंगावर केसांसारख्या कशाभिका, पाण्यात सळसळणाऱ्या. यांना वेगळं ओळखायचं कसं?

उत्तर रक्तातून आलं. टायफॉईड झालेल्या माणसाच्या रक्तद्रवात जिवाणू मिसळले की त्यातल्या प्रतिपिंडांमुळे त्यांच्या गुठळ्या होतात. १८९६ मध्ये पॅरिसमध्ये फर्नांड विडाल यांनी याचा उपयोग निदानासाठी केला. हीच क्रिया उलट दिशेनंही वापरता येते. माहीत असलेलं प्रतिपिंड घ्यायचं आणि अनोळखी जिवाणू ओळखायचा. ब्रिटनमध्ये फिलिप ब्रूस व्हाइट यांनी १९२०च्या दशकात याची मांडणी केली. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून कोपनहेगनला गेलेल्या फ्रिट्झ काउफमन यांनी ती आयुष्यभर वाढवली. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत लेऑन ल मिनोर यांनी तिची सूत्रं हातात घेतली. तिघांच्या नावांनी ओळखली जाणारी ही योजना आजही जगभर चालते.

ती कशी चालते हे मी थोडं जवळून दाखवतो. साल्मोनेला वाढवण्याच्या एका नेहमीच्या माध्यमावर त्याच्या वसाहती लालसर दिसतात आणि मधोमध काळा ठिपका असतो. जिवाणूनं तयार केलेल्या हायड्रोजन सल्फाइडमुळे तो येतो. टायफॉईडच्या जिवाणूत हा ठिपका फिका असतो, कधी दिसतच नाही. वसाहतीतून सुईच्या टोकावर येईल एवढा अंश उचलून काचपट्टीवर सलाइनच्या दोन थेंबांत कालवायचा. दोन्ही थेंब दुधाळ होतात. एकात अँटिसीरम, म्हणजे माहीत असलेलं प्रतिपिंड असलेला रक्तद्रव, घालायचं, दुसरा तसाच ठेवायचा. पट्टी दिव्याखाली धरून हळूहळू हलवायची. प्रतिपिंड आणि जिवाणू जुळले तर मिनिटभराच्या आत तो थेंब दूध फाटल्यासारखा दाणेदार होतो आणि शेजारचा तसाच दुधाळ राहतो. शेजारचाही फाटला तर चाचणी बाद. मग पुढचं अँटिसीरम, त्याच्या पुढचं, असं करत जायचं.

प्रतिपिंड ज्यांच्याशी जुळतं ते प्रतिजन: जिवाणूच्या भिंतीवरच्या शर्करा-साखळ्या म्हणजे 'ओ' प्रतिजन, कशाभिकांची प्रथिनं म्हणजे 'एच'. विडालच्या कागदावरची अक्षरं हीच. टी म्हणजे टायफी, टायफॉईडचा जिवाणू. ए आणि बी म्हणजे तसाच ताप आणणारे पॅराटायफी ए आणि बी. साल्मोनेलाच्या बऱ्याच प्रकारांत कशाभिकेचं प्रथिनही दोन तऱ्हांचं असतं आणि जिवाणू एकावरून दुसऱ्यावर जाऊ शकतो, म्हणून प्रत्येक प्रकाराच्या प्रतिजन-सूत्रात एचचे दोन रकाने लागतात.

यात एक गोष्ट विद्यार्थ्यांना नेहमी अडवते. रुग्णाच्या रक्तातून वाढलेला, बाकी सगळ्या चाचण्यांत टायफॉईडचा वाटणारा जिवाणू 'ओ ९' च्या सीरमशी गुठळी करत नाही. मग तो द्रव उकळायचा, गार करायचा आणि पुन्हा थेंब टाकायचा. आता लगेच गुठळी. कारण टायफीच्या अंगावर 'व्हीआय' नावाचं साखरेचं आवरण असतं. फेलिक्स आणि पिट यांनी १९३४ मध्ये ते दाखवलं. त्या आवरणाखाली भिंत झाकली जाते आणि उकळल्यावर आवरण सुटतं. काचपट्टीवर आपल्या सीरमला जे भिंत दिसू देत नाही, तेच आवरण माणसाच्या आतड्यात आपल्या पेशींनाही ती दिसू देत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या योजनेत आज अडीच हजारांहून जास्त प्रकार आहेत. त्यांना सेरोव्हार म्हणतात. काउफमन यांच्या मते प्रत्येक सेरोव्हार ही स्वतंत्र प्रजाती होती. जनुकांची तुलना करता येऊ लागली तेव्हा उलगडलं की हे सगळे एकमेकांच्या फार जवळचे आहेत आणि प्रजाती खरं तर दोनच: एन्टेरिका आणि बाँगोरी. बाँगोरी हे नाव आफ्रिकेतल्या चाड देशातल्या बाँगोर गावाचं. ती प्रामुख्यानं सरड्यांसारख्या थंड रक्ताच्या प्राण्यांत आढळते. एन्टेरिकाच्या सहा उपप्रजाती आहेत आणि त्यातल्या एकीचं नाव इंडिका आहे. माणसांचे जवळजवळ सगळे आजार मात्र पहिल्या, एन्टेरिका याच उपप्रजातीतल्या सेरोव्हारांमुळे होतात. म्हणून टायफी ही आता प्रजाती उरली नाही, ते एका सेरोव्हारचं नाव झालं.

बहुतेक सेरोव्हारांना गावांची नावं आहेत: डब्लिन, हायडेलबर्ग, पनामा, न्यूपोर्ट. त्यात आपलं पूनाही आहे आणि बरेलीही. २०१५ मध्ये अमेरिकेत मेक्सिकोहून आलेल्या काकड्यांमधून पूना सेरोव्हारची साथ पसरली. चाळीस राज्यांत ९०७ जण आजारी पडले, सहा जण दगावले. त्या काकडीचा पुण्याशी काडीचा संबंध नव्हता. नाव हे गावावरचं लांच्छन नसतं, ती एक खूण असते. दूर-दूरच्या इस्पितळांत एकाच आठवड्यात एकच दुर्मीळ खूण दिसू लागली की शोध घेणाऱ्यांना कळतं, या सगळ्यांच्या ताटात एकच काहीतरी आलं आहे. २०१२ मध्ये बरेली सेरोव्हारची साथ अमेरिकेतल्या सुशीमधून पसरली. तेव्हा माग काढत माणसं भारतातून गेलेल्या गोठवलेल्या ट्यूना माशापर्यंत पोचली. पुढे पूर्ण जनुकसंच वाचून तो माग आणखी पक्का झाला. आपल्याकडे हे ओळखण्याचं काम कसौलीच्या केंद्रीय संशोधन संस्थेत चालतं, आणि प्राण्यांतल्या नमुन्यांसाठी बरेलीजवळच्या इज्जतनगरला. ही कामं वर्तमानपत्रांत येत नाहीत. त्यांच्यामागे तासन्‌तास काचपट्टीकडे पाहणारी माणसं असतात, आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात फार आदर आहे.

आता पुन्हा विडालच्या कागदाकडे. टायफीचं ओ-सूत्र ९, १२. एन्टेरिटिडिसचंही ९, १२. म्हणजे पूर्वी कधीतरी अंड्यातून किंवा कोंबडीतून जुलाब झालेल्या माणसाच्या रक्तातही 'टीओ' शी जुळणारी प्रतिपिंडं असू शकतात. लस घेतलेल्यांत असू शकतात, जुन्या संसर्गातून उरलेली असू शकतात. उलट आजाराच्या पहिल्या आठवड्यात, जेव्हा निदानाची सर्वांत गरज असते, तेव्हा ती पुरेशी तयारही झालेली नसतात. १८९६ मध्ये ही चाचणी क्रांतिकारक होती. आज एका विडालवर प्रतिजैविक सुरू करणं मला पटत नाही. रक्ताचं कल्चर महाग आहे, वेळ लागतो, आणि तेही साधारण निम्म्याच रुग्णांत जिवाणू पकडतं. तरी ते जिवाणूच हाती देतं, आणि त्याच्यावर कोणतं औषध चालेल हेही सांगतं. पहिली गोळी घेण्याआधी ते रक्त काढलं गेलं पाहिजे.

इथवर नावाचं झालं. आता शरीरातली वाट.

साल्मोनेला तोंडातून येतो. पहिला अडसर पोटातल्या आम्लाचा. रोज ॲसिडिटीच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये तो कमकुवत होतो. किती जिवाणू लागतात हे अमेरिकेत मेरीलँडमध्ये स्वयंसेवकांना टायफॉईडचे जिवाणू पाजून मोजलं गेलं. त्यांतले बरेच जण तुरुंगातले कैदी होते आणि असा प्रयोग आजच्या नीतिनियमांत बसणार नाही. एक हजार जिवाणूंनी कुणीच आजारी पडलं नाही, एक लाखानं चौथ्या हिश्शाहून थोडे अधिक, एक कोटीनं निम्मे. हे आकडे निरोगी, धडधाकट प्रौढांचे आहेत. लहान मुलाला याहून कमी पुरतात असं धरून चालावं.

लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पेयर यांच्या नावाच्या ग्रंथींचे पुंजके असतात. त्यांच्यावरच्या एम-पेशी आतड्यातल्या गोष्टींचे नमुने आत नेऊन संरक्षक पेशींना दाखवतात. साल्मोनेला याच दारानं आत शिरतो. शेजारच्या साध्या पेशींतही तो शिरू शकतो. त्याच्याकडे सुईसारखी एक रचना असते. तिच्यातून तो स्वतःची प्रथिनं थेट आपल्या पेशीत सोडतो. पेशीच्या आवरणाला वळ्या पडतात आणि पेशी आपणहून त्याला आत ओढून घेते. पुढे महाभक्षक पेशीनं गिळलं तरी तो मरत नाही. तिथं दुसरी तशीच यंत्रणा कामाला लागते आणि ज्या पिशवीत त्याला संपवायचं त्याच पिशवीत तो वाढतो.

जुलाब करणारे सेरोव्हार, म्हणजे टायफिम्युरियम, एन्टेरिटिडिस वगैरे, इथं गोंधळ माजवतात. शरीर त्यांना लगेच ओळखतं. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी आतड्यात धावून येतात, दाह होतो, पाणी सुटतं. सहा तास ते तीन दिवसांत पोटात कळा, ताप, जुलाब. हा दाह जिवाणूच्या तोट्याचा असं इतकी वर्षं आपण धरून चाललो होतो. २०१० मध्ये कॅलिफोर्नियात बॉयम्लर यांच्या गटानं वेगळंच दाखवलं. दाहात पांढऱ्या पेशी जी प्राणवायूची तिखट संयुगं सोडतात, त्यांच्यामुळे आतड्यातल्या थायोसल्फेटचं टेट्राथायोनेट होतं. साल्मोनेला त्या टेट्राथायोनेटवर श्वसन करू शकतो, आतड्यातल्या बहुतेक रहिवासी जिवाणूंना ते जमत नाही. म्हणजे आपणच पेटवलेल्या दाहात तो आपल्या प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकतो. प्रयोगशाळांत १९२०च्या दशकापासून शौचाच्या नमुन्यातून साल्मोनेला वेचून वाढवायला टेट्राथायोनेट घातलेलंच माध्यम वापरत आले आहेत. ते का चालतं, याचा खरा अर्थ आतड्यात होता. हे मला पहिल्यांदा वाचताना जे वाटलं, त्याला आनंद हाच शब्द आहे.

असे जुलाब निरोगी माणसात बहुधा आठवड्याच्या आत आपोआप थांबतात. क्षार-साखरेचं पाणी महत्त्वाचं. प्रतिजैविकानं फायदा नसतो, उलट शौचातून जिवाणू जाण्याचा काळ लांबू शकतो. तान्ही बाळं, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती खालावलेले रुग्ण हे अपवाद. त्यांच्यात हेच जिवाणू रक्तात उतरू शकतात. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला एचआयव्ही, मलेरिया आणि कुपोषण असलेल्यांमध्ये टायफिम्युरियमचा एक प्रकार रक्तात उतरून मोठ्या प्रमाणावर बळी घेतो.

टायफीची रीत उलटी. तो आवाज करत नाही. व्हीआय आवरणानं भिंत झाकायची, कशाभिकांचं प्रथिन कमी बनवायचं, दाह होऊ द्यायचा नाही. महाभक्षक पेशींत बसून तो लसिकेवाटे रक्तात, तिथून यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा असा पसरतो. आठवडा-दोन आठवडे माणूस कामावर जातो, डबा खातो, त्याला काही कळत नाही. मग जिवाणू दुसऱ्यांदा रक्तात येतात आणि ताप रोज थोडा-थोडा चढत जातो. ताप १०३ असूनही नाडी त्या मानानं मंद लागते, हे जुने डॉक्टर बोटांनी ओळखत. पित्तातून जिवाणू पुन्हा आतड्यात उतरतात आणि त्याच पेयरच्या पुंजक्यांवर दुसऱ्यांदा हल्ला होतो. तिसऱ्या आठवड्यात आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो तो त्यामुळे. ताप उतरू लागला म्हणून रुग्णाला मोकळं सोडू नये, असं जुनी माणसं सांगत त्यामागे हे कारण होतं.

२००१ मध्ये व्हिएतनाममधल्या एका रुग्णाच्या टायफीचा जनुकसंच पूर्ण वाचला गेला. त्यात दोनशेहून अधिक जनुकं मोडून निकामी झालेली आढळली. टायफिम्युरियम कोंबडीत, गायीत, उंदरात, माणसात कुठंही राहू शकतो. टायफीनं ती क्षमता गमावली आहे. त्याचं विषही मानवी पेशींवरच्या शर्करेला घट्ट चिकटतं. निसर्गात त्याला एकच घर आहे, माणूस. याचा सरळ अर्थ असा की टायफॉईडचा प्रत्येक रुग्ण म्हणजे कुणातरी माणसाची विष्ठा कुणाच्यातरी पाण्यात किंवा अन्नात पोचली. मध्ये दुसरा कुठला प्राणी नाही.

विल्यम बड या इंग्लिश डॉक्टरनं हे जिवाणू दिसण्याच्या कितीतरी आधी सांगितलं. १८३९ मध्ये डेव्हनमधल्या नॉर्थ टॉटन या आपल्या गावात साथ आली. तेव्हा कोण आजारी पडून कुठल्या गावाला गेलं आणि तिथं त्यानंतर कोण आजारी पडलं, हे त्यानं टिपून ठेवलं. विष रुग्णाच्या शौचातून जातं, असा त्याचा निष्कर्ष होता, आणि तो हवेतल्या दुर्गंधीला दोष देणाऱ्या काळात निघाला. पुढे न्यूयॉर्कमध्ये मेरी मॅलन ही स्वयंपाकीण निरोगी असूनही जिवाणू बाळगते हे उघड झालं. तिला १९०७ ते १९१० आणि पुन्हा १९१५ पासून १९३८ मध्ये मृत्यू येईपर्यंत एका बेटावर अलग ठेवलं. असे वाहक पित्ताशयात, बहुधा पित्तखड्यांवर, जिवाणू वागवतात. तिला 'टायफॉईड मेरी' म्हणून हिणवलं गेलं. मला ती स्थलांतरित, गरीब आणि एकटी बाई म्हणून जास्त आठवते, जिला हातातलं काम सोडायला सांगताना पोट भरायची खात्रीची दुसरी सोय कुणी करून दिली नाही.

औषधांची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९४८ मध्ये मलायात स्क्रब टायफसवर क्लोरोमायसेटिन तपासताना वुडवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या रुग्णांत एक टायफॉईडचा निघाला, आणि तो बरा झाला. त्यानंतर चाळीसएक वर्षं ते औषध चाललं. १९९० च्या सुमारास आपल्याकडे ते निष्प्रभ होऊ लागलं, मग सिप्रोफ्लॉक्सासिन गेलं. २०१६ पासून सिंधमध्ये तिसऱ्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिनलाही न जुमानणारा टायफी पसरला. तिथं तोंडानं घेण्याचं एकच भरवशाचं औषध, ॲझिथ्रोमायसिन, उरलं. पाकिस्ताननं २०१९ मध्ये नवी लस राष्ट्रीय कार्यक्रमात आणली, असं करणारा तो पहिला देश.

ही लस हैदराबादच्या भारत बायोटेकची. टायफीच्या त्याच व्हीआय आवरणाची साखर एका प्रथिनाला जोडून ती केली आहे, म्हणून सहा-नऊ महिन्यांच्या बाळालाही देता येते. जे आवरण जिवाणूला लपवतं, त्याचीच ओळख शरीराला करून द्यायची. नेपाळमधल्या चाचणीत तिनं टायफॉईड ८० टक्क्यांच्या आसपास रोखला. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेनं ९ महिने ते १४ वर्षांच्या एक लाखाहून अधिक मुलांना ती दिली. सार्वजनिक यंत्रणेतून ही लस देण्याचा देशातला तो पहिला कार्यक्रम होता आणि त्याचं श्रेय त्या महापालिकेला उघडपणे द्यायला हवं. पॅराटायफी ए वर हे आवरण नसतं, त्यामुळे ही लस त्याच्यावर चालत नाही.

लस पुरेशी नाही हे सांगणारा एक पुरावा आपल्याच राज्यातला आहे. २०१७ ते २०२० या काळात देशात चार ठिकाणी हजारो मुलांच्या तापाचा पाठपुरावा करून रक्ताचं कल्चर केलं गेलं. दिल्ली, कोलकाता आणि वेल्लोरच्या शहरी वस्त्यांत दर लाख मुलांमागे वर्षाला टायफॉईडचे ५७६ ते ११७३ रुग्ण निघाले. पुणे जिल्ह्यातल्या ग्रामीण भागात ३५. देश तोच, जिवाणू तोच. फरकाची सगळी कारणं एका अभ्यासातून सिद्ध होत नाहीत. पण दाट वस्ती, गटारातून जाणारी नळाची वाहिनी आणि दिवसातून तासभर येणारं पाणी एकत्र आलं की काय होतं, हे आपल्याला माहीत आहे. पाणी बंद असताना वाहिनीतला दाब उतरतो आणि गळक्या सांध्यातून बाहेरचं सांडपाणी आत ओढलं जातं.

म्हणून माझी एक ठोस मागणी आहे. कल्चरमध्ये टायफी किंवा पॅराटायफी निघालेल्या प्रत्येक रुग्णाचा पत्ता, त्याचं नाव गुप्त ठेवून, आरोग्य खात्याबरोबर पाणीपुरवठा विभागाच्या अभियंत्याकडेही गेला पाहिजे, आणि तोही त्याच आठवड्यात. एका गल्लीत असे दोन-तीन रुग्ण निघाले की तिथल्या शेवटच्या नळावर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात उरलेल्या क्लोरीनची तपासणी, व्हावी. नळाशी उरलेलं क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावं हा आपल्याच मानकाचा नियम आहे. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतात आणि ही तपासणीही कित्येक वर्षं करत आले आहेत. शहरांत ती फक्त टाकीपाशी होऊन चालणार नाही. ती टाकीपासून सर्वांत लांबच्या घरात व्हायला हवी, कारण गळका सांधा टाकी आणि त्या घराच्या मध्ये कुठंतरी असतो.